पातेऱ्यातलं जनावर

आमच्या रायेत एक जनावर होतं, त्याला गावात कुणी धड नावसुद्धा ठेवलं नव्हतं. नागाला आम्ही हात जोडतो, फुरशाला शिव्या घालतो, धामण दिसली तर उंदीर तरी खाईल म्हणून वाट सोडतो. ह्या बापड्याची मात्र कुणी दखलच घेतली नाही. हातभर लांबी, अंगठ्याएवढी जाडी, रंग थेट वाळल्या पानाचा. डोकं तिकोनी आणि नाकाचा शेंडा वर उचललेला, रुसून बसलेल्या जावेसारखा. पातेऱ्यात, म्हणजे झाडाखाली साठलेल्या सुक्या पानांत, ते पडून राही. पाय जवळ गेला तरी पळत नसे. कधी खराट्याखाली आलं तर बायका म्हणत, फुरशाचं पोर असेल, आणि बाजूला सारून पुढे झाडायला लागत.

मी विमल. मथुरेचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक कुंपण, आणि त्या कुंपणाला आम्ही दोघींनी ये-जा करून पाडलेलं खिंडार. यातलं काही मी डोळ्यांनी पाहिलं, काही मथुरेनं मला नंतर सांगितलं. गावात ही गोष्ट वेगळ्या तऱ्हेनं सांगतात. सांगोत बापडे. गावाला सोयीचं तेवढंच गावाच्या लक्षात राहतं.

गोष्ट सत्तावन-अठ्ठावन सालची. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरी. मालवणातून कट्ट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उतरून डोंगराच्या कुशीत आत शिरलं की आमचा गाव, आणि गावाच्या डोक्यावर राय. राय म्हणजे देवाचं रान. तिथे कोयती न्यायची नाही, वाळकी काटकी घरी आणायची नाही, पातेरासुद्धा गोळा करायचा नाही. त्यामुळे आत पानांचा थर गुडघाभर. उन्हातसुद्धा आत गेलं की अंगावर काटा यायचा.

त्या वर्षी माघात कुणाच्या तरी लक्षात आलं, की रायेतलं शिवणीचं जुनं झाड नाहीसं झालं आहे. करवतीनं कापलेला बुंधा तेवढा राहिला होता, आणि त्यावर पातेरा पसरून ठेवला होता. गाव हादरलं. देवाच्या रानात करवत चालली, म्हणजे उद्या देवळाचे वासेही कुणी काढून नेईल.

आणि नेमकी लवूच्या घराला शिवणीची नवी चौकट बसलेली. लवू म्हणजे मथुरेचा घोव, नवरा. माणूस सरळ, पण तोंडाचा फटकळ. कुणाला बरं वाटावं म्हणून एक शब्द बोलायचा नाही. चौकटीचं लाकूड मथुरेच्या माहेरचं. तिच्या बापाच्या परड्यातली शिवण आदल्या पावसात वाऱ्यानं पडली, ती त्यानं जावयाला दिली. ओंडके बैलगाडीनं आले तेव्हा ते उतरवायला मी स्वतः हात लावला होता. पण देवळात सगळ्यांसमक्ष लवूचं नाव घेतलं ते त्याच्या सख्ख्या चुलतभावानं, धोंडूनं. धोंडू घराण्यातला थोरला. शिमग्याला देवाचा मानाचा नारळ त्याच्या हातात पडायचा.

लवूनं सासऱ्याला साक्षीला आणलं. धोंडू हसला आणि म्हणाला, "सासरो जावयाच्या विरुद्ध बोलतलो काय?"

मी उठून ओंडक्यांचं सांगायला गेले, तर बायकांनी मला खाली बसवलं. बाईमाणसाची साक्ष देवळात चालत नाही, म्हणे. देवी मात्र चालते.

मग ठरलं, लवूला रायेत धाडायचं.

ही रीत आमच्याच गावची, आसपास कुठे नाही. ज्याच्यावर आळ आहे त्यानं सकाळी आंघोळ करून अनवाणी एकट्यानं रायेत शिरायचं. पार आत एक झरा आहे, त्याचं पाणी तांब्यात भरून आणायचं आणि देवाच्या पाषाणावर ओतायचं. तिथून पुढच्या पुनवेपर्यंत त्याच्या अंगातून रक्ताचा थेंब निघता कामा नये, ताप येता कामा नये, रायेतल्या जिवाणूनं, म्हणजे साप-किरडानं, त्याला शिवता कामा नये. यातलं काही झालं तर तो खोटा. खोट्याचं घर वाळीत. वाळीत टाकायला सरकारनं बंदी केली आहे, असं तलाठी सांगायचा. पण विहिरीवर तुमची घागर आली की बाकीच्या घागरी उठून जातात, लावणीला कुणी तुमच्या शेतात उतरत नाही, मयताला खांदा मिळत नाही. त्याला कुठला कायदा आडवा येणार?

घाडी, म्हणजे गावाच्या वतीनं देवाशी बोलणारा माणूस, त्यानं लवूला विचारलं, "लवू, जातलंस मा रे?"

"जातलंय," लवू म्हणाला. "माका कसला भय?"

"खऱ्याक भय नसता," धोंडू म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून ऐकले तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. चोराच्या उलट्या बोंबा त्या वेळी ऐकू येत नाहीत, मागाहून येतात.

फाल्गुन लागला आणि लवू रायेत गेला. अख्खा गाव रानाच्या कडेला उभा. घाडीनं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझा लेकरू तुझ्या पायाकडे येता. खरा आसात तर तसा दाखय, खोटा आसात तर तसा दाखय." आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा." मथुरा माझ्या शेजारी होती. तिचे नुसते ओठ हलत होते.

लवू बाहेर आला तो ताठ. हातात काठोकाठ भरलेला तांब्या. चालताना पाय जरासुद्धा ओढला नाही. पाषाणावर पाणी ओतलं, हात जोडले आणि बायकोकडे न बघता घरी गेला. घरी मागच्या पडवीत त्यानं डावा पाय पुढे केला. घोट्याखाली दोन टिंबं होती, आणि भोवतीची कातडी काळीनिळी पडायला लागली होती.

"ह्या काय?" मथुरेनं विचारलं.

"हळू बोल. किरडू चावला."

"खयचा?"

"बारीक. पातेऱ्यातला. झरो पातेऱ्यान भरलेलो, मी तो बाजूक करीत होतंय. नाक वर करून माझ्याकडे बघीत रवला, पळाक पण नाय."

"मगे सांगूया घाड्याक. कायतरी पालो लावतलो."

"काय सांगशीत? लवूक रायेत किरडू चावला म्हणान?" तो म्हणाला. "मी झाड तोडूक नाय, मथुरा. तुका म्हायत आसा."

"माका म्हायत आसा."

"देवाकव म्हायत आसा. ह्या जनावराकच तेवढा म्हायत नाय."

मग त्यानं तिचा हात पोरांच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली. कुणाला सांगायचं नाही. पुनव होईपर्यंत तरी नाही. त्याला वाटत होतं, एवढ्याशा जनावराचं विष ते किती, सूज येईल आणि उतरेल. मथुरेलाही तसंच वाटलं. दोघांची एक मुलगी तान्ही, मुलगा बाबू पाच वर्षांचा. ह्या घराला पाणी मिळणार की नाही, ते लवूच्या त्या एका पायावर ठरणार होतं.

लवूनं सगळ्यांना सांगितलं, काटा लागला. काटा रायेत लागलेला नाही, घरी परतताना पायवाटेवर लागला, तेव्हा रक्तही आलं नाही. इतकं खुलाशानं सांगितलं, की मला तेव्हाच नवल वाटलं. लवू एवढं बोलणारा माणूस नव्हे. पाय सुजून केळीच्या कोक्यासारखा झाला. बायका म्हणाल्या, काट्याचा नायटा होतो तो असा. धोंडू रोज सकाळी अंगणाबाहेर उभा राहून विचारी, "बरो मा रे लवू?" आणि लवू सुजलेल्या पायानं कोयती घेऊन त्याच्यासमोर बाहेर पडे. तो झोपून राहिला असता तर तेवढंच पुरलं असतं. ताप आला, असं म्हणायला गाव टपलेलंच होतं.

आणि लवू पान खायला लागला. आयुष्यात सुपारीला न शिवलेला माणूस, सकाळ-संध्याकाळ विडा तोंडात. मी मथुरेला थट्टेनं म्हटलं, "देवाच्या कौलाआधीच विडो उचलल्यान काय गो तुझ्या घोवान?" ती हसली नाही. तिनं मला पुढे सांगितलं, की त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. थुंकी लाल दिसू नये म्हणून तो पान खात होता. पान लाल, रक्तही लाल. कोण बघायला जातंय?

हळूहळू हिरड्या थांबल्या, पण लघवी कमी झाली. आली तर काळ्या चहासारखी. मग तीही जवळजवळ बंद. तोंडावर सूज चढली, अन्नाचा वास आला की उलटी. मथुरा घाबरली. शिमग्याचा बाजार करायचा असं सांगून तिनं त्याला गाडीत घातलं आणि मालवणला नेलं.

तिथे एक म्हातारे डॉक्टर होते. उभी हयात त्यांनी मलबारकडे चहा-कॉफीच्या मळ्यांत काढलेली. त्यांनी पाय बघितला, पापण्या ओढून बघितल्या, पोट दाबलं.

"साप चावला होता का?"

"नाही हो. काटा लागला," लवू म्हणाला. डॉक्टरांपुढे आमची माणसं पुस्तकातलं बोलतात.

"नीट आठवा. पाचोळ्यात पाय पडला होता का कुठे?"

"काटाच होता."

डॉक्टर मथुरेकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा."

मथुरा पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. पोरांच्या डोक्यावर ठेवलेला हात तिला आठवत होता. "काटाच," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सुई दिली, पुड्या दिल्या, आणि म्हणाले, ह्यांना इथेच ठेवून जा, मला लघवी तपासायची आहे. लवू उठून उभा राहिला. दवाखान्यात राहिला असता तर ती बातमी त्याच्याआधी गावात पोचली असती.

परतताना गाडीत त्यानं दोनदा उलटी केली. मथुरा म्हणाली, "मागे जावया. सांगूया तेंका."

"पुनव इलीच गो," तो म्हणाला. "पुनवेक देवळात उभो रवतंय. मगे माका खंय न्हेशीत थंय येतंय."

पुनवेला तिसऱ्या प्रहरी होळीचा आंबा, म्हणजे होळी म्हणून उभं करायचं झाड, तोडून वाजतगाजत आणला. लवूनं त्याला खांदा दिला. अंगाखांद्यावर सूज, तोंड फुगून पावासारखं. आणि आमच्यातले दीडशहाणे म्हणत होते, बघा, देवाच्या कौलाआधीच सुखान जाडो झालो. मी मथुरेकडे बघितलं. ती नवऱ्याच्या पायांकडे बघत होती, एकेक पाऊल मोजत.

होळी उभी राहिली. घाडीनं लवूला पाषाणासमोर उभं केलं, अंगावरचा सदरा काढायला लावला, पाठ-पोट बघितलं आणि गावाला विचारलं, कुणी ह्याचं रक्त पाहिलं आहे का, कुणाला ह्याच्या अंगाला ताप लागला आहे का. कुणी बोललं नाही. घाडी म्हणाला, "देवान लवूक खरो केल्यान." आम्ही म्हणालो, "व्हय म्हाराजा."

 आणि धोंडू होता तिथेच खाली बसला, आणि पाषाणाकडे हात जोडून रडायला लागला. "चूक झाली म्हाराजा. शिवण मीया तोडलंय. होडी बांधणाऱ्यांका दिलंय. माझ्या पोरांवर राग काढू नको."

बाहेर ढोल वाजत होते, ते कुणी तरी जाऊन थांबवले. देव जागृत आहे म्हणून म्हातारी माणसं डोळे पुसत होती. मीही पुसले, खोटं कशाला सांगू? धोंडूला दंड झाला तो एक नारळ आणि एक कोंबडा. लवू असता तर वाळीत, मानकरी म्हणून कोंबडा. मात्र मानाचा नारळ त्याच्या घराकडून निघाला आणि लवूच्या घरी आला. बापामागे तो बाबूच्या हातात पडणार होता. लवू हसला तेव्हा त्याचे दात पानानं लाल होते.

घरी येऊन तो आडवा झाला तो पुन्हा उठला नाही. मथुरेनं गाडी सांगितली, माणसं जमवली, पण उचकी लागली होती आणि माणूस ओळखत नव्हता. दुसऱ्या दिवशी शिमग्याचा मेळ वाडीत दारोदार नाचत आला, त्यात लुगडं नेसलेला राधा झालेला बाप्या, ढोल, गुलाल. मेळ लवूच्या अंगणात शिरला आणि आतून मथुरेचा हंबरडा आला. ढोलवाले तसेच मागच्या मागे फिरले.

मयताला सगळा गाव लोटला. धोंडूनं पहिला खांदा दिला. लोक म्हणाले, मुतखडा असेल. कुणी म्हणाले, देवाला खरा माणूस हवा होता. मथुरा ते ऐकत बसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते मी तेव्हा बघितलं, पण मला तो ओळखू आला नाही.

वर्षभर गावानं तिला पदरात घेतलं. लावणीला पहिली माणसं तिच्या शेतात. देवळात प्रसाद तिच्या पोरांना आधी. खरं ठरलेल्या माणसाची बायको म्हणून म्हाताऱ्यासुद्धा तिला वाट देत. तिला ते गोड लागत नव्हतं, पण पोरं जेवत होती. बाबूला लोक आत्तापासून मानकरी म्हणून हाक मारत, आणि तो पोरगा छाती काढून चाले.

पुढचा फाल्गुन आला. तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जमीन भाजायला पातेरा लागतो, म्हणून आम्ही बायका काजूच्या भरडावर, वरच्या माळावर, पानं झाडत होतो. धोंडूची बायको शेवंतीही होती, आणि तिची सहा-सात वर्षांची सुशीला. पोरगी टोपलीत पानं हातानं दाबून भरत होती. मध्येच तिनं हात झटकला आणि रडायला लागली. बोटावर दोन टिंबं होती. शेवंतीनं टोपली उलटी केली आणि आत जे वळवळलं त्याला कोयतीच्या पाठीनं ठेचलं.

आम्ही बघायला गेलो. "फुरशाचा पोर," शेवंती म्हणाली. "दात तरी आसत काय तेका?" तिनं कनवटीचा चुना काढून बोटाला फासला.

मथुरा वाकली. तिनं काटकीनं त्या जनावराचं डोकं उलटं-सुलटं केलं. नाक वर होतं. 

"वैनी, सुशीलाक मालवणाक न्हेवया," मथुरा म्हणाली.

"कित्याक? बोट सुजाक पण नाय."

मथुरेनं ते मेलेलं जनावर पानात गुंडाळलं आणि शेवंतीच्या मागोमाग त्यांच्या घरी गेली. मीही गेले, ही काय करते आहे ते कळेना म्हणून. धोंडूच्या खळ्यात घाडी आणि दोघे-चौघे शिमग्याचं ठरवत बसले होते. सुशीला रडायची थांबली होती आणि पेज जेवत होती. मथुरा म्हणाली, "भावजी, चेडवाक आत्ता मालवणाक न्हेवा. गाडी मेळतली अजून." धोंडू म्हणाला, उद्या बघू. तिनं पुन्हा म्हटलं. घाडी म्हणाला, बारक्या जनावराला एवढं कशाला? तिनं तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा धोंडूनं मान वर केली.

"तुका कशी गो एवढी म्हायती?"

मला विचाराल तर तिनं एक थाप मारायला हवी होती. माहेरी एकाला चावलं होतं, म्हणायचं. पण माहेरच्या कुणा एकासाठी धोंडू उठला नसता, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तिनं एकदा पोरीच्या बोटाकडे बघितलं. बोट फुगायला लागलं होतं.

"माझ्या घोवाक ह्याच किरडान मारल्यान," ती म्हणाली. "रायेत. तांब्यो भरताना."

घाडीनं हातातला अडकित्ता खाली ठेवला.  हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काय, हे मी त्या खळ्यात उभी राहून बघितलं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी धोंडूला दुसरं काही सुचलं नाही. तो पहिल्यांदा बापच झाला. त्यानं उष्ट्या तोंडाची पोरगी उचलली आणि रस्त्याकडे धावला. मथुरा पानातलं जनावर घेऊन त्याच्यामागे.

डॉक्टरांनी ते जनावर कात्रीच्या टोकानं हलवलं. "हा होय. मलबारात मळ्यांत पुष्कळ बघितलाय. इकडे आहे हे कुणी सांगत नाही." मग म्हणाले, "मुंबईहून जी लस येते ती नागा-फुरशाची. ह्याला ती लागू पडत नाही. पोरीला इथे ठेवा. हा दहाजणांना चावला तर नऊजणांची सूज येते आणि उतरते. दहाव्याची लघवी बंद होते. तो दहावा कोण, हे आधी कळत नाही."

त्यांनी मथुरेला ओळखलं होतं. "तुमचे यजमान?"

"तो काटा नव्हता," मथुरा म्हणाली.

डॉक्टरांनी कात्री खाली ठेवली. "त्या दिवशी सांगितलं असतंत, तर निजवून ठेवलं असतं, पाणी बेतानं दिलं असतं. वाचले असते का, ते मला सांगता येणार नाही."

धोंडू दाराशी उभा राहून हे सगळं ऐकत होता.

सुशीलाची सूज कोपरापर्यंत चढली आणि उतरली. पोरगी लघवी करते आहे असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मथुरा दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली, असं तिनंच मला सांगितलं. ती पोरांसाठी आधी परतली, आणि काही दिवसांनी बाप-लेक गाडीतून उतरले. पोरीच्या केसांना मालवणातून घेतलेल्या लाल रिबिनी होत्या.

तोवर गावात जे शिजायचं ते शिजलं होतं. देवळात सगळ्यांना बोलावलं. धोंडू उभा राहिला. आवाज पुन्हा मानकऱ्याचा झाला होता.

"माझ्या चेडवाक चावला ताच किरडू, लवूक चावला ताच. चेडू जगला, लवू मेलो. देवान काय सांगूचा ता सांगल्यान. गेल्या वर्साक मी बोललंय ता भियान बोललंय. लवू खरो ठरलो म्हणान माका भय वाटला. आता कळता, तो खरो नव्हतोच."

माणसं माना डोलवायला लागली. मला संताप आला. मी ओरडून सांगितलं, की डॉक्टर काय म्हणाले ते ह्याच्या कानांनी ऐकलंय, दहातला एक मरतो. म्हातारा घाडी म्हणाला, "तो एक कोण, ता देवच ठरयता मा गो, विमल?"  

मथुरा उभी राहिली. "तो खरो होतो, म्हणान लपयल्यान," ती म्हणाली.

"खरो माणूस लपयता?" कुणी तरी मागून म्हणालं आणि हसू उठलं.

तिनं त्या हसण्याकडे लक्ष दिलं नाही. ती बायकांच्या बाजूला वळली. शेवंती पोरीला मांडीवर घेऊन खांबाशी बसली होती. गेल्या वर्षीच्या माघात धोंडूनं करवत धुतली ती ह्याच बाईच्या विहिरीवर. भुसा तिच्या गोठ्यात पडला होता. नवरा कुठे जातो, काय ओढून नेतो, हे घरातल्या बाईला कळत नाही होय?

"वैनी," मथुरा म्हणाली, "तू सांग. शिवण कोणी तोडल्यान?"

 घाडीनं आपणहून म्हटलं, "सांग गो शेवंती. आज तुझी साक्ष घेतंव." शेवंतीनं नवऱ्याकडे बघितलं नाही, मथुरेकडे बघितलं नाही. सुशीलाची एक रिबीन सुटली होती, ती बांधायला तिनं घेतली. गाठ बसेना. शेवटी गाठ बसली.

"माका काय म्हायत?" शेवंती म्हणाली.

देवळातून परतताना आमच्या पुढे-मागे कुणी चाललं नाही. लोकांनी वाट बदलली होती. मी वाटभर शेवंतीच्या नावानं बोटं मोडत होते. जिची पोर वाचवली तिनंच गळा कापला, असं काय काय बोलत होते. मथुरा घराच्या पायरीशी थांबली.

"तिचा काय चुकला, विमल?" ती म्हणाली. "डॉक्टरान माका इचारल्यान, तेवा मी तरी काय सांगलंय?"

मला हे शहाणपण झेपत नाही. मथुरेनं शेवंतीला माफ केलं असेल. मी केलेलं नाही. विहिरीवर घागरी उठून जायला लागल्या, तेव्हा मी माझ्या घागरीतलं पाणी तिला देत होते, पण माझ्याही घरात माणसं होती आणि त्यांनाही गावात राहायचं होतं. शिमग्याआधीच ती पोरांना घेऊन माहेरी निघाली. बाबू मला विचारत होता, नारळ घेऊक मी कधी येव?

पुनवेला मानाचा नारळ धोंडूनं घेतला. सुशीला त्याच्या हाताला धरून उभी होती, नवं परकर-पोलकं, केसांना लाल रिबिनी. पोर जगली याचं मला बरं वाटत होतं, आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं.